सूज किती, नजर किती

ओसीटी तपासणीचा कागद हातात पडला की मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला सूज आलेले रुग्ण आधी आकडा शोधतात. ‘मागच्या वेळी ४८० होते, आता ३१०. म्हणजे दिसायला लागेल ना, डॉक्टर?’ प्रश्न रास्तच आहे. निरोगी डोळ्यात पडद्याच्या मध्यभागाची जाडी साधारण २५० ते २७० मायक्रॉन असते, तेव्हा सूज उतरली की नजर यावी, असं कुणालाही वाटेल. पण या दोघांचं नातं इतकं सरळ नाही. बराच सुजलेला पडदा घेऊन तक्त्यावरची ६/९ ची ओळ वाचणारे भेटतात आणि सूज पार ओसरूनही ६/३६ वर अडलेले भेटतात.

म्हणून मी आकड्याआधी चित्र बघतो. ओसीटी प्रकाशाच्या परावर्तनातून पडद्याचा उभा छेद दाखवतं. १९९१ साली जगापुढे आलेलं हे तंत्र आता पाच-सात मायक्रॉनचा फरकही दाखवतं. खालच्या बाजूला एक चकचकीत रेघ असते, प्रकाश टिपणाऱ्या पेशींची. मध्यभागी ती सलग असेल तर मला आशा वाटते. तुटक किंवा पुसट असेल तर सूज उतरूनही फार हाती लागणार नाही, अशी शंका येते.

मग वरचे थर. घडीच्या पोळीच्या पदरांसारखे ते वेगवेगळे दिसायला हवेत. सूज मुरली की मधल्या एक मिलिमीटरच्या पट्ट्यात त्यांच्या सीमाच हरवतात. बोस्टनच्या जोस्लिन डायबिटीस सेंटरमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की ही विस्कट जितकी लांबवर पसरलेली, तितकी नजर कमी. आणि पहिल्या काही महिन्यांत ही विस्कट किती घटते-वाढते, त्यावरून पुढच्या नजरेचा अंदाज येतो. डोळ्यात दिलेल्या इंजेक्शनने सुजेचं पाणी उतरतं, पण पेशींमधले तुटलेले दुवे त्याने जुळतीलच असं नाही.

साध्या ओसीटीत रक्तपुरवठा दिसत नाही. केशवाहिन्या बंद पडल्या असतील, तर चांगलं चित्रही फसवतं. त्यामुळे नेमकी ओळ मी कुणालाच सांगत नाही. अंदाज सांगतो, तोही पहिल्या इंजेक्शनआधी. चित्र वाईट असलं तरी उपचार टाळायचे नसतात, कारण आहे ती नजर राखणंही मोलाचं असतं. हे आधीच मोकळेपणाने बोललं, तर दोन-तीन इंजेक्शनांनंतर ‘फरक नाही’ म्हणून रुग्ण येणं सोडत नाही.