यंत्राची परीक्षा

आसाममधील चहामळ्यांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चाळिशीचा साधा चष्मा मिळाल्यावर पाने खुडणाऱ्या मजुरांच्या कामात, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांची अधिक भर पडली होती. त्यानंतर काही काळाने त्याच राज्यात माझी नेमणूक झाली आणि हातात मावणारे, स्वस्त असे दृष्टितपासणी यंत्र आमच्याकडे आले. डोळ्यासमोर धरले की काही सेकंदांत चष्म्याचा नंबर! प्रत्येक उपकेंद्रात वृद्धांसाठी ते असावे, असे टिपण मी उत्साहाने तयार केले. आमचे नेत्रतज्ज्ञ शांतपणे म्हणाले, "सर, आधी यंत्राची परीक्षा घेऊ, मग माणसांची."

मळ्यातील शाळेच्या व्हरांड्यात दोन दिवस शिबिर भरले. साठीपुढील प्रत्येकाची तपासणी दोनदा होई: एकदा यंत्राने, एकदा सहा मीटरवरच्या 'ई'च्या तक्त्याने व डॉक्टरांच्या हातून. एकाचा निकाल दुसऱ्याला कळू द्यायचा नाही, ही अट. दोष असून यंत्राने किती जणांना सोडले आणि दोष नसता किती जणांना रुग्णालयात धाडले, हे मोजायचे होते. दुसरी चूक मला किरकोळ वाटे. पण वृद्धाची एक व्यर्थ फेरी म्हणजे सोबतच्या मुलाची दिवसभराची मजुरी बुडणे, हे मला तिथे कळले.

दुसऱ्या दिवशी एक आजी आल्या. यंत्र पुनःपुन्हा त्रुटी दाखवू लागले. तपासनिसाने 'तपासणी अपूर्ण' असे नोंदवून पुढचा क्रमांक पुकारला. डॉक्टरांनी साधा टॉर्च धरला. दोन्ही बाहुल्या पांढुरक्या, पिकलेला मोतीबिंदू. प्रकाशच आत जात नव्हता, मग यंत्र वाचणार काय?

२०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील अंधत्वात मोतीबिंदूचा वाटा सुमारे ६६ टक्के आहे. म्हणजे ज्यांना उपचाराची सर्वाधिक गरज, तेच आमच्या आकडेवारीतून गळणार होते. माझ्या टिपणात त्यांच्यासाठी रकानाही नव्हता.

टिपण मी पुन्हा लिहिले. यंत्राला वाचता आले नाही, तर ती व्यक्ती सर्वप्रथम डॉक्टरांकडे जावी. यंत्रासोबत टॉर्च, तक्ता, शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख आणि वाहन असावे. खर्च वाढला, म्हणून मंजुरीस विलंबही झाला.

आजींच्या एका डोळ्यावर शस्त्रक्रिया झाली. पट्टी सुटल्यावर त्या बराच वेळ स्वतःच्या हातांकडेच पाहत राहिल्या. पहिल्या टिपणाची प्रत मी अद्याप जपून ठेवली आहे.