हळू जाणारी जिप्सी

जिप्सी किंगला २३५/७५ आर १५ चे टायर घातले आणि दगडावरची प्रत्येक चढण क्लचवर आली. मूळच्या २०५/७० च्या मानाने हे टायर व्यासाला जवळजवळ दहा टक्के मोठे. गाडी उचलली गेली, खडकावर डिफरन्शियल घासायचं कमी झालं. पण चाक एका फेरीत जास्त अंतर कापू लागलं, म्हणजे सगळेच गिअर तेवढे लांबले.

मुळशीकडे एका मित्राच्या जमिनीत एक चढ आहे. पावसाळ्यात तिथला कातळ शेवाळतो आणि मध्येच पायरीसारखा एक दगड आडवा येतो. फोर-लो टाकून पहिल्या गिअरमध्ये गेलं तरी तिथे क्लच अर्धा दाबून धरावा लागायचा. सोडला तर गाडी दगडावर आदळायची, धरला तर प्लेट जळल्याचा वास यायचा. जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन तिथे दमत नव्हतं. त्या दगडाला हवा होता तेवढा हळूपणा गाडीत नव्हता, एवढंच.

हा हळूपणा ट्रान्सफर केसमध्ये असतो. गिअरबॉक्समधून आलेली फिरकी पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटून देणं हे तिचं एक काम, आणि लो रेंजमध्ये ती फिरकी आणखी कमी करून जोर वाढवणं हे दुसरं. जिप्सी किंगचा पहिला गिअर ३.६५२ चा आणि ट्रान्सफरची लो २.२६८ ची. गुणाकार ८.२८. त्यापुढे डिफरन्शियलचे साधारण चार धरले तर इंजिनाचे तेहतीसच्या आसपास फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. इंजिन नऊशे आरपीएमवर गुरगुरत असेल तर मोठ्या टायरवर गाडी ताशी पावणेचार किलोमीटरने जाते. माणसाची चालण्याची गती याहून थोडीच जास्त. मोकळ्या रानात हे पुष्कळ हळू वाटतं, दगडाच्या कडेवर मात्र फार जोरात.

उपाय शोधायला लागलो तेव्हा प्रत्येकाने वेगळा सांगितला. जुन्या एमजी ४१० जिप्सीचा ट्रान्सफर भंगारात मिळतो, बोल्टला बोल्ट बसतो आणि स्वस्तही पडतो. पण त्याची लो २.५११ ची, म्हणजे जेमतेम दहा-अकरा टक्क्यांचा फरक; टायरने नेलेलं परत मिळणार, पदरात नवं काहीच पडणार नाही. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा अख्खा ट्रान्सफर बसवायचा तर चेसिसवर नवे ब्रॅकेट, नव्या लांबीचे प्रोपेलर शाफ्ट, लेथचं काम. त्यात एखाद्या दांड्याचा कोन चुकला की आयुष्यभराची थरथर मागे लागते. उरला मूळच्या केसिंगमध्येच वेगळे गिअर घालण्याचा मार्ग. जिप्सीची सख्खी बहीण सुझुकी सामुराय अमेरिकेत अजून हौसेने चालवली जाते, त्यामुळे तिथे असे गिअर सेट तयार मिळतात: ४.१६, ४.९ आणि ६.५ चे.

माझ्या ओळखीतले दोघे ६.५ च्याच बाजूचे होते. मी ४.१६ घेतला आणि तो निर्णय मला आजही पटतो. लोमध्ये जोर जितका वाढतो तितका तो पुढे कुणाला तरी सोसावा लागतो: प्रोपेलरच्या क्रॉसना, मागच्या अ‍ॅक्सल शाफ्टना आणि सगळ्यात आधी पुढच्या अ‍ॅक्सलमधल्या गोळ्यांच्या जॉइंटना. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं आणि पुढचं चाक दगडात अडकलेलं असताना पाय पडला तर तो जॉइंट फुटतोच. अ‍ॅक्सल मूळचाच ठेवून ६.५ घालणं मला अविचाराचं वाटतं. शिवाय ४.१६ च्या सेटमध्ये हायसुद्धा सुमारे बारा टक्क्यांनी खाली येते. दहा टक्के मोठ्या टायरवर हे नेमकं जुळतं. रस्त्यावर पाचवा गिअर पुन्हा ओढू लागतो.

काम अण्णांकडे नेलं. त्यांनी लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सी आयुष्यभर उघडल्या आहेत. जिप्सीचा ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. मधला एक आखूड शाफ्ट दोघांना जोडतो आणि ट्रान्सफर चेसिसला रबरी माउंटवर टांगलेला असतो. त्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता तो खाली घेता येतो. गाडी घोड्यांवर चढवली, ऑइल काढलं, तिन्ही शाफ्ट सोडले. सोडण्याआधी अण्णांनी प्रत्येक फ्लँजवर छिन्नीने खूण केली, म्हणजे शाफ्ट जसा होता तसाच परत बसतो. मग स्पीडोमीटरची केबल, स्विचची वायर, लिव्हर, शेवटी माउंटचे बोल्ट. बाहेरून चिखलाने माखलेली ती केस आधी डिझेलने धुतली. घाण आत गेली तर नव्या गिअरचा काय उपयोग?

केस उघडल्यावर जुना लो गिअर अण्णांनी माझ्या हातात दिला. मुख्य दात अजून चकचकीत होते, पण लिव्हर टाकल्यावर सरकणारी स्लीव्ह ज्या छोट्या दातांत शिरते, त्यांची टोकं गोल झाली होती. उतारावर कधीकधी लो आपोआप सुटायची, त्याचं कारण त्या टोकांत होतं. "भाऊ, चालत्या गाडीत लिव्हर ओढली की हे असं होतं," अण्णा म्हणाले. गाडी माझ्याकडे येण्याआधी दोन हातांतून गेली होती. सिलेक्टर रॉड ओढताना आतली बारीक गोळी आणि तिची स्प्रिंग उडते, म्हणून अण्णांनी भोकावर बोट दाबून धरलं होतं. ती गोळी हरवली तर लिव्हर जागेवर ठरत नाही.

बेअरिंग आणि ऑइल सील सगळे नवे घातले. काउंटर शाफ्टचे सुईसारखे बेअरिंग ग्रीसमध्ये बुडवून बसवले, थ्रस्ट वायसरची बाजू दोनदा तपासली. केस बंद करण्याआधी अण्णांनी इनपुट हाताने फिरवून हाय, न्यूट्रल, लो असं सगळं पाहिलं आणि कान केसिंगला लावून कुठे घासतंय का ते ऐकलं. मोठा गिअर आतून कुठे टेकत असेल तर ते इथेच कळायला हवं. जुनी रबरी माउंट काढून जाड घातली, कारण वाढलेल्या जोराने ट्रान्सफर जागच्या जागी पिळवटतो. ८०डब्ल्यू-९० ऑइल भोकातून ओघळेपर्यंत भरलं. स्पीडोमीटरची दातेरी चाकी आउटपुट शाफ्टवर असल्यामुळे या गिअरांनी त्यात काही फरक पडत नाही. टायरमुळे तो कमी दाखवतो, तेवढंच लक्षात ठेवायचं.

आता पहिल्या लोमध्ये इंजिनाचे साठच्या घरात फेरे, चाकाचा एक. त्या पायरीच्या दगडापाशी मी क्लचवरून पाय काढून जमिनीवर ठेवला. पुढचं चाक दगडाला टेकलं, टायर दबला, क्षणभर इंजिनाचा आवाज खोल गेला आणि चाक वर चढलं. मागचं चाकही तसंच. उतरताना तर याहून जास्त समाधान मिळालं, कारण ओल्या कातळावर ब्रेक लावला की चाकं घसरतात आणि इथे इंजिनच गाडी धरून ठेवत होतं.

चिखलात मात्र ही पहिली लो कामाची नाही. काळ्या मातीत टायरच्या खाचा साफ व्हायला चाक जोरात फिरावं लागतं, तिथे दुसरा किंवा तिसरा टाकतो. नव्या गिअरांत दुसऱ्या लोचा गुणाकार ८.१ येतो, म्हणजे जुना पहिला जवळजवळ तसाच दुसऱ्यात मिळाला आहे.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदललं. ड्रेन प्लगवर करड्या रंगाची बारीक पूड होती, तुकडा एकही नव्हता. मागच्या प्रोपेलरचे क्रॉस आता प्रत्येक फेरीनंतर हलवून पाहतो, आणि स्टिअरिंग वळलेलं असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा नाही, हे शेजारी बसून शिकणाऱ्या मुलालाही आधी सांगतो.