आधी तारेला विचारावे

आमच्या डिलाईल रोडला आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात. कामगारांसाठी उभे आयुष्य वेचलेल्या माणसाचे नाव आपल्या रस्त्याला असावे, याचा मला अभिमानच आहे. पण बसमध्ये तिकीट मागताना तोंडातून अजूनही ‘डिलाईल रोड’च निघते. जुन्या सवयी जुन्या वायरिंगसारख्या असतात. भिंतीला वरून कितीही रंग द्या, आतून त्याच धावत असतात.

हे सुचण्याचे कारण म्हणजे माझा भाचा. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हापासून या मुलाच्या डोक्यात वारे शिरले. प्रदक्षिणेचा बेत संसाराच्या रगाड्यात आखडत आखडत मांडव्यापर्यंत आला. वारे मात्र गेले नाही. गेल्या वर्षी दोन मित्रांच्या भागीत त्याने एक जुनी, तिशी उलटलेली शिडाची नौका घेतली. पावसाळाभर ती रेवसच्या बाजूला, खाडीकाठी, टेकूंवर उभी होती. नवरात्रात स्वारी आमच्याकडे आली.

“मामा, शीड नवं घातलं, रंग नवा दिला. आता विजेचं पॅनेल तेवढं तुम्ही पाहा. पाडव्याला छकुलीला घेऊन निघायचं आहे.”

मी आयुष्यभर कारखान्यांची पॅनेले जोडली. पण होडीत पाय ठेवला तो एकदाच, तोही गणपती विसर्जनाला. “सत्तरी उलटली, आता समुद्रात कुठे निघालात?” असे हिने विचारले. “अगं, समुद्रात नाही. होडी जमिनीवरच आहे,” असे सांगून मी टेस्टर आणि मीटर पिशवीत टाकले, आणि आम्ही भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली.

नौकेच्या खोलीतले पॅनेलचे झाकण उघडले आणि मला एकदम आमच्या चाळीचा जिना दिसला.

त्या जिन्याखाली चाळीचे मीटर असत. एका फळीवर किती बिऱ्हाडांच्या तारा येत, याला गणतीच नव्हती. कुणी रेडिओ घेतला की एक तार वाढे, कुणाकडे पंखा आला की दुसरी. जुनी तार काढण्याचे मात्र कुणाच्या मनात येत नसे. १९६७ सालची दिवाळी. मी तेरा वर्षांचा. आमचे अण्णा गिरणीत वायरमन, आणि त्या रात्री रात्रपाळीला गेलेले. मी कंदिलाच्या तारेवर मित्राकडून आणलेल्या दोन माळा जोडल्या. फ्यूज गेला. पुन्हा घातला, पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला मी किटकॅटमध्ये चांगली जाड तांब्याची तार भरली. फ्यूज शहाण्यासारखा गप्प बसला आणि मी स्वतःला इंजिनिअर समजून झोपलो.

मध्यरात्री वरच्या मजल्यावरच्या काकूंना रबर जळल्याचा वास आला. भिंतीवरची लाकडी पट्टी आतून धुमसत होती. कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच ओढला म्हणून निभावले.

सकाळी अण्णा आले. त्यांनी मला मारले असते तर बरे झाले असते. त्यांनी किटकॅट उपसले, ती जाड तार माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाले, “दिवा गेला तर नवा आणता येतो. तार पेटली तर चाळ कुठून आणशील? फ्यूज दिव्यासाठी नसतो रे, तारेसाठी असतो.”

भाऊबीजेच्या दिवशी मला जिन्याखाली बसवून त्यांनी एकेका तारेचा माग काढायला लावला आणि प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधायला लावली. “जिला हात लावायचा तिला आधी विचारायचं. तू कोण, कुठून आलीस, जिवंत आहेस का? रंगावर जाऊ नकोस. रंग माणसं देतात.”

नौकेच्या पॅनेलमध्ये तोच संसार होता. प्रत्येक मालकाने आपापली भर घातलेली. कुणी पंखा जोडला, कुणी पाण्याचा पंप, कुणी मोबाईलचा चार्जर. एके ठिकाणी तर दारावरच्या घंटीची बारीक तार दिव्याला दिलेली, आणि तिच्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. मला माझी जाड तार आठवली आणि मी कुणाला नावे ठेवली नाहीत.

“मामा, बॅटरी मघाशीच काढून ठेवली आहे. आता बिनधास्त,” असे म्हणत भाच्याने पक्कड घेतली आणि एका काळ्या तारेकडे हात नेला.

“थांब.”

मी मीटर आधी बाहेरच्या शेडमधल्या प्लगवर लावून पाहिला. तो खरे बोलतो आहे, अशी खात्री झाल्यावर त्या काळ्या तारेला विचारले. काटा २३० व्होल्टांवर गेला.

बॅटरी चार्ज करण्यासाठी शेडमधून एक वायर नौकेत आणलेली होती. तिचे टोक कुणा जुन्या मालकाने त्याच पेटीत, बॅटरीच्या १२ व्होल्टांच्या काळ्या तारेशेजारी, काळ्याच रंगात सोडून दिले होते. आणि शेडमधला प्लग चालू होता. भाच्याचा हात तिच्यापासून वीतभर अंतरावर होता. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. मी खाली उतरून प्लग उपसला, त्याचे टोक डोळ्यांसमोर राहील असे बांधून ठेवले, आणि मग आम्ही दोघांनी चहा घेतला.

“पाडवा विसर,” मी म्हणालो. तो रुसला, पण पक्कड मात्र खाली ठेवली.

पुढे चार रविवार गेले. आधी कागदावर नकाशा काढला. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच आकडा बांधला. कुठेच न जाणाऱ्या तारा निघाल्या, त्या काढून टाकल्या. काही तारांचे तांबे खाऱ्या हवेने आत हिरवे पडले होते. तिथे कल्हई केलेल्या तांब्याच्या तारा घातल्या. २३० व्होल्टांना वेगळी पेटी दिली आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला. भाच्याला हातातली अंगठी काढायला लावली, कारण १२ व्होल्टांनी सहसा झटका बसत नसला, तरी बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर तो लाल होतो. म्हणूनच मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवला. फ्यूजच्या अलीकडची तार बिनवाली असते. ती जितकी आखूड तितकी बरी. तळातले पाणी उपसणारा पंप मात्र मेन स्विचच्या आधीच, स्वतःच्या फ्यूजवर जोडला, म्हणजे सगळे बंद करून माणसे घरी गेली तरी तो जागा राहतो.

मलाही नवे शिकायला मिळाले. २३० व्होल्टांतून वाटेत दोन गळाले तर कुणाला कळत नाही. १२ मधून दोन गळाले तर डोलकाठीवरचा दिवा मलूल होतो. म्हणून तिथली तार जाड हवी. आणि होकायंत्राजवळून जाणाऱ्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन न्यायच्या, नाहीतर दिवा लावताच होकायंत्र दिशा चुकवते.

नौका पाण्यात गेली ती त्रिपुरी पौर्णिमेला. पॅनेलच्या झाकणावरची यादी छकुलीच्या अक्षरात आहे. तिने एकेक बटण दाबले. डावीकडे लाल दिवा लागला, उजवीकडे हिरवा. मी काठावरून पाहिले. नौकेत बसण्याचा आग्रह मी मोडला. माझे काम तारांपुरते.

यंदा गणपतीत शेजारचा मुलगा धावत आला. “काका, रोषणाई लावली की एमसीबी सारखा पडतो. जास्त अँपिअरचा बसवू का?”

मी त्याच्याकडे पाहिले. वय असेल तेरा-चौदा.

“आधी घरातून पुठ्ठा आणि दोरा घेऊन ये,” मी म्हणालो, आणि चपला घालून जिना उतरू लागलो.