भेगेचे चालू खाते

बेसाला आमच्या घरामागे बागेत विटांची एक खोली आहे. ‘बाग’ म्हणजे एक लिंबाचं झाड, चार जास्वंदी आणि सौ.ची दुर्दम्य आशा. खोली मात्र खरी. निवृत्तीनंतर अप्पांनी कुदळ-फावडी ठेवायला म्हणून ती हौसेनं बांधून घेतली. दुसऱ्याच उन्हाळ्यात तिला भेग पडली.

भेगेचं चालू खातं होतं. मे महिन्यात तिच्यात अंगठा जाई, ऑगस्टमध्ये नखसुद्धा जात नसे. खातं बंद झालं असं समजून मी वरून सिमेंट लिंपावं आणि उन्हाळ्यात तिनं व्याजासकट परत यावं!

शेजारचे निवृत्त इंजिनियर म्हणाले, ‘भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवा. तुटली तर भेग जिवंत!’ पट्टी तुटली. मग काळ्या मातीवर व्याख्यान झालं. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं, वाळलं की आकसतं. (एवढं लांब नाव मिळाल्यावर कोण फुगणार नाही?) अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर असलेले खांब विकसित केले आहेत म्हणे. सौ. म्हणाली, ‘त्यापेक्षा पाडून टाका ना!’

अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली होती. पाडण्याआधी चूक कोणाची ते तरी कळावं, म्हणून मिस्त्रीला बोलावलं. त्यानं कोपऱ्याशी खणलं. ‘साहेब, विटा चांगल्या हायेत, जोडाई चांगली हाये. पायवाच नाही न जी! दीड फुटात काय होते? मुरूम लागेपर्यंत खणा लागते.’

दीड फूट ऐकताच माझ्या पोटात खड्डा पडला. तो मात्र पुरेसा खोल होता. अप्पांच्या अंदाजपत्रकात पाया पाच फूट होता. मीच, कॉमर्सच्या पदवीधरानं, लाल शाईनं पाच खोडून दीड लिहिला होता. ‘फावड्यांसाठी एवढा पाया कशाला?’ अप्पा काही बोलले नव्हते. पुढे पाहुण्यांना भेग दाखवताना मात्र म्हणत, ‘माझंच काहीतरी चुकलं असेल.’

खोली उतरवली. विटा साफ करून रचून ठेवल्या. साडेपाच फुटांवर मुरूम लागला. तिथून पाया घेतला, भोवती काळ्या मातीऐवजी मुरूम भरला आणि वर विटा अप्पांच्याच लावल्या.

नववीतल्या चिरंजीवांनी बिल पाहिलं. म्हणाले, ‘बाबा, फावड्यांसाठी एवढा पाया कशाला?’

मी काही बोललो नाही.