दोन अंशाची पाचर

मी शिक्षिका आहे. बारावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकले, पुढे मराठी घेऊन बी.ए. आणि मग बी.एड. केलं. गेली सोळा वर्षं धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मराठी शिकवते. घर तळोद्याला. सोमवारी फजरची नमाज झाली की निघायचं, आठवडाभर शाळेच्या आवारातल्या खोलीत राहायचं आणि शनिवारी दुपारी परतायचं, असा शिरस्ता. वाटेत कोठार सोडलं की चांदसैलीचा घाट लागतो. पावसाळ्यात तिथे दरड कोसळते आणि रस्ता बंद होतो. घाट चढून धडगाव गाठलं, तरी शाळेपर्यंतचे शेवटचे नऊ किलोमीटर दगडगोट्यांचेच.

या वाटेवर मला नेतो तो माझा धाकटा भाऊ. त्याच्याकडे जुनी जीप आहे. सेकंडहँड घेतलेली, पुढे-मागे लोखंडी पाटे, पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड अ‍ॅक्सल. अब्बांच्या इंतकालानंतर त्याने शिक्षण सोडलं आणि या जीपवर घर चालवलं. माझ्या बी.एड.ची फी याच जीपने भरली, हे मी विसरत नाही.

तीन वर्षांपूर्वी मला पगाराच्या फरकाचे पैसे मिळाले. त्या शेवटच्या नऊ किलोमीटरवर जीपचं पोट दगडांवर घासायचं, तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा. मी त्याला म्हटलं, "गाडी जरा उंच करून घे. पैसे मी देते." तो नको नको म्हणत होता. मी मोठी बहीण. मी ऐकलं नाही. गाडीला लांब शॅकल बसले, मोठे टायर आले. जीप चार बोटं उंच झाली आणि दगड घासणं थांबलं. मी खूश होते. मोहल्ल्यात सांगतही होते की भावाची गाडी मी नीट करून दिली.

त्यानंतरच्या ऑगस्टमधली एक रात्र. भाऊ शाळेचं धान्य घेऊन आला होता आणि पावसामुळे मुक्कामी राहिला होता. रात्री अकराच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकीणबाईंच्या सुनेला कळा सुरू झाल्या. फोनला रेंज नव्हती. आमच्या भागात अजूनही काही पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. निदान आमच्या दारात जीप तरी होती. मागच्या सीटवर गोधड्या टाकल्या, तिला निजवलं आणि धडगावच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघालो.

उतारावर एक डावं वळण आहे. भावाने स्टिअरिंग डावीकडे वळवलं, वळण संपलं, पण स्टिअरिंग काही परत येईना. एरवी वळण संपलं की चाक हातातून आपोआप सरळ होतं. इथे ते वळलेलंच राहिलं. त्याने दोन्ही हातांनी ओढून उजवीकडे आणलं, तर गाडी उजवीकडेच निघाली. पुढचं चाक कडेच्या दगडांवर चढलं आणि गाडी थांबली. खाली काय होतं ते अंधारात दिसत नव्हतं, पण पाण्याचा आवाज येत होता. कोणी ओरडलं नाही. स्वयंपाकीणबाईंनी सुनेच्या कपाळावरचा हात काढला नाही. भावाने 'या अल्लाह' म्हटलं, गाडी मागे घेतली आणि बाकीचा रस्ता बैलगाडीच्या वेगाने काढला.

पहाटे मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. रुग्णालयाच्या ओट्यावर चहा पिताना भाऊ खाली मान घालून म्हणाला, "आपा, गाडी तीन महिन्यांपासून अशीच आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"पैसे तुमचे होते. तुम्ही इतक्या खुशीने दिले. कसं सांगणार, की त्याने गाडी बिघडली?"

मला त्याचा राग आला आणि स्वतःचीही लाज वाटली. तीन महिने तो ही गाडी दोन्ही हातांनी ओढून सरळ ठेवत होता, आणि मी शेजारी बसून तसबीह फिरवत होते. गाडीत बसलेली माणसं अमानत असतात. त्या अमानतीपेक्षा आम्ही दोघांनीही एकमेकांचं मन जास्त सांभाळलं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही गाडी घेऊन नंदुरबारला गेलो. कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करणाऱ्या एका दुकानात त्यांनी गाडी पाहिली आणि सांगितलं, "यात आमच्या मशीनचं काम नाही." मग कोणीतरी एका म्हाताऱ्या उस्तादांचं नाव सुचवलं. ते आता रोज काम करत नाहीत. मुलाच्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसतात.

उस्तादांनी आधी गाडीला हातच लावला नाही. टायरवरून तळहात फिरवला, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. मलाही फिरवायला सांगितला. एका बाजूने गुळगुळीत लागत होतं आणि उलट बाजूने करवतीच्या दातांसारखं खरखरीत. "चाकं सरळ चालत नाहीत, रस्त्यावर घासत चालतात," ते म्हणाले. मग चारही टायरची हवा तपासली. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहिलं. बेअरिंग आणि किंगपिन ठीक होते. हे ढिले असतील तर पुढचं सगळं मोजमाप फुकट, असं त्यांचं म्हणणं.

नंतर त्यांनी तीन गोष्टी समजावल्या. मी शिक्षिका, त्यामुळे ऐकता ऐकता वहीत लिहून घेतल्या.

पहिली गोष्ट टो. आपण चालताना पाऊल आत टाकतो की बाहेर, तशी ही चाकांची चाल. दोन्ही चाकांचा पुढचा भाग किंचित आत झुकलेला हवा. गाडी धावते तेव्हा रस्त्याच्या ओढीने चाकं बाहेर फाकतात, सांध्यांमधली ढिलाई निघते आणि चाकं समांतर होतात. मोजायला मशीन लागत नाही. चाक उचलून फिरवायचं, टायरच्या मध्यावर खडूची बारीक रेघ ओढायची, गाडी खाली घेऊन थोडी ढकलायची. मग हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून मोजायचं आणि मागून मोजायचं. पुढचं अंतर एक ते अडीच मिलिमीटरने कमी हवं. आमच्या गाडीत ते चार मिलिमीटरने जास्त निघालं. अ‍ॅक्सलच्या मागून जाणारा टाय रॉडचा पाइप कधीतरी दगडावर आपटून वाकला होता. वाकलेला पाइप आखूड होतो, म्हणून चाकांचे पुढचे भाग बाहेर गेले होते.

दुसरी गोष्ट कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा वरचा भाग बाहेर किंवा आत किती झुकलाय ते. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत हा कोन कारखान्यातच ठरलेला असतो. बोल्ट फिरवून तो बदलत नाही. बदललेला दिसला तर बेअरिंग झिजलंय किंवा अ‍ॅक्सल वाकलाय असं समजायचं. आमचा ठीक होता.

तिसरी गोष्ट कास्टर, आणि आमचा खरा आजार तोच होता. उस्ताद म्हणाले, "बेटी, सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा असतो का? तो वरून मागे रेललेला असतो. म्हणून तर पोरं हात सोडून सायकल चालवतात." जीपचं चाक ज्या किंगपिनवर वळतं, ती पिनही अशीच वरून किंचित मागे रेललेली असते. तो कल असला की वळणानंतर चाक स्वतःहून सरळ येतं. आमच्या जीपचे शॅकल पाट्यांच्या पुढच्या टोकाला आहेत. तिथे लांब शॅकल लावल्यावर पाट्यांचं पुढचं टोक खाली गेलं, त्यांच्यासोबत अ‍ॅक्सल पुढे कलंडला आणि किंगपिन जवळजवळ उभी झाली. गाडी उंच झाली, पण तिची सरळ चालण्याची सवय गेली.

जीपच्या इतिहासाचीही एक गोष्ट मी नंतर वाचली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची ही वंशावळ. आपल्याकडे ती बनवणारी कंपनी 1945 साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव 'महिंद्रा अँड महंमद' होतं. त्यातले मलिक गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 साली कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. त्या विलीज जीपसाठी कास्टर तीन अंश आणि कॅम्बर दीड अंश ठरवलेला होता. आमच्या उस्तादांना हे आकडे तोंडपाठ होते.

कास्टर मोजायची जबाबदारी मी घेतली. माझा विषय मराठी, पण घरात भाचीचा कंपासपेटीतला कोनमापक होता. त्याला दोरा आणि शिसाचा गोळा बांधून ओळंबा केला. गवंडी वापरतात तशा पाण्याच्या नळीने गॅरेजमधली जागा सपाट आहे का ते पाहिलं. किंगपिनवरच्या टोपीच्या सपाट बाजूवर कोनमापक धरला. जेमतेम अर्धा अंश. इलाज असा होता, की पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालायची आणि अ‍ॅक्सल मागे कलवायचा. दोन अंश हवे होते. दहा सेंटिमीटर लांबीच्या पाचरीला एका टोकाला साडेतीन मिलिमीटर जास्त जाडी, एवढा हिशेब भाचीच्या गणिताच्या पुस्तकातून जमला. लेथवाल्याने दोन पाचरी कापून दिल्या. पाट्यांच्या मधल्या बोल्टसाठी त्यांना भोक पाडलं.

जाड बाजू कुठे ठेवायची? मी एका पुस्तिकेतलं चित्र पाहून छातीठोकपणे सांगितलं, "मागे." भावाने तशी बसवली. उस्ताद असरच्या नमाजला गेले होते. आम्ही गाडी गल्लीत काढली, आणि वीस पावलांत भावाने ब्रेक मारला. स्टिअरिंग आता आणखी वाईट होतं. जिकडे वळवावं तिकडे ते स्वतःच धावत होतं.

उस्ताद आले, वाकून खाली पाहिलं आणि हसले. "कागद बरोबर आहे. पण गाडी दुसरी आहे." पुस्तिकेतल्या गाडीचे पाटे अ‍ॅक्सलच्या वरून जात होते, आमच्या जीपचे खालून. त्यामुळे आमच्याकडे जाड बाजू पुढे हवी होती. माझे दोन अंश वाढण्याऐवजी वजा झाले होते. वर्गात पुस्तकाबाहेरचं उत्तर आलं की मी किती पटकन लाल रेघ मारते, ते मला तिथे उभ्या उभ्या आठवलं.

भावाने काही न बोलता यू-बोल्ट सैल केले, पाचरी फिरवल्या. टाय रॉड नवा टाकला, टो दोन मिलिमीटरवर आणला. मगरिबच्या आधी आम्ही रिकाम्या रस्त्यावर गेलो. वळणानंतर त्याने हात सैल सोडले आणि स्टिअरिंग हळूच सरळ झालं. तो माझ्याकडे पाहून लहान मुलासारखा हसला. दीडशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळा, नाहीतर पाचर सैल होते, एवढं उस्तादांनी बजावलं.

पण गोष्ट इथे संपली नाही. परतताना उस्ताद मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "पाचर म्हणजे बाम आहे बेटी, दवा नाही." अ‍ॅक्सल मागे कलला की पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा सांधा जास्त कोनात चालतो आणि लवकर झिजतो. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मनाने असे बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परवानगी देत नाही, हे मला तेव्हा कळलं. मुलांना नागरिकशास्त्राचे धडे देणाऱ्या शाळेत मी नोकरी करते, आणि हे विचारण्याचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

दोन महिन्यांनी लांब शॅकल काढून मूळ मापाचे बसवले. टायरही मूळ मापाचे घेतले. जुने पाटे वर्षानुवर्षांच्या वजनाने बसले होते. त्यांना पुन्हा कमान देऊन घेतली. त्यानेच गाडी दोन बोटं वर आली. जी उंची मी पैसे टाकून विकत घ्यायला गेले होते, तिच्यातली अर्धी गाडीची स्वतःचीच होती. पुन्हा ओळंबा लावला. पाचरीशिवाय अडीच अंश. पोट अजून कधीकधी दगडाला लागतं. तेव्हा सगळे खाली उतरतो आणि ती जागा पायी ओलांडतो.

त्यातली एक पाचर मी शाळेत नेली. गणिताचे सर कोन शिकवताना ती मुलांच्या हातात देतात. दोन अंश डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना मात्र कळतात. ती मुलगी आता चालायला लागली आहे. आजीबरोबर स्वयंपाकघरात येते आणि मला पाहिलं की लपते.

सोमवारी पहाटे भाऊ जीप दाराशी आणतो. मी बसण्याआधी पुढच्या टायरवरून हात फिरवते, आधी आत, मग बाहेर. मग त्याला विचारते, "काही सांगायचंय?" पूर्वी तो "नाही आपा" म्हणायचा. आता कधी म्हणतो, "ब्रेक जरा डावीकडे ओढतोय," तर कधी, "या महिन्यात हप्ता भरायला पैसे कमी पडतायत." मी ऐकते. मग बिस्मिल्ला म्हणून आम्ही निघतो.