विंचवाचं माहेर

कंपनीनं शोरूमचं शटर ओढलं, पण गाडी मात्र तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे. सेकंडहँड अबार्थ पुंटो घेतली, की पुण्यात कुठे कुठे हिंडावं लागतं? नाना पेठ ते रांजणगाव व्हाया गॅरेज, एक स्पेअर-पार्टी सफर!

हिंजवडी किंवा खराडीतल्या कुठल्याही आयटी पार्कच्या बेसमेंटमध्ये एक चक्कर मारा. पांढऱ्या एसयूव्ही, करड्या एसयूव्ही, पुन्हा पांढऱ्या एसयूव्ही. आणि मध्येच एखादी बुटकी, रुंद बसलेली हॅचबॅक. अंगावर पट्टे, बॉनेटवर विंचू. आजूबाजूच्या गाड्या तिच्यापेक्षा नव्या आणि महाग असतात, पण जाता जाता मान वळते ती हिच्याकडेच. हीच ती अबार्थ पुंटो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ती आली, तेव्हा शोरूम किंमत होती ९ लाख ९५ हजार. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. दहा लाखांच्या आत एवढी ताकद म्हणजे तेव्हा फुल टू धमाल होती. पण आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो ‘कितना देती है?’ त्यामुळे ही गाडी रस्त्यावर फार दिसलीच नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम लागू झाले. त्याच्या आधीच फियाटच्या नावाच्या गाड्या आपल्या शोरूममधून निघून गेल्या होत्या.

आता ती मिळते फक्त सेकंडहँड, आणि खरी गंमत तिथेच सुरू होते. माझ्या एका कोडिंगवाल्या मित्रानं यंदा अशी एक पांढरी घेतली. घरी पेढे वाटले गेले. बाबांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, “कंपनीच नाही, तर गाडी बघणार कोण?”

प्रश्न सॉलिड होता. उत्तर शोधायला आम्ही पुणं पालथं घातलं.

विंचवाची कुंडली

आधी हा विंचू कुठला, ते बघू. कार्लो अबार्थ जन्मला व्हिएन्नात, १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये. रास वृश्चिक, म्हणून कंपनीचं चिन्ह विंचू! १९४९ मध्ये त्यानं इटलीत कंपनी काढली आणि साध्यासुध्या फियाट गाड्यांना रेसिंगचं वेड लावलं. १९७१ मध्ये फियाटनं ती कंपनीच विकत घेतली.

आणि आपल्या पुंटोचा जन्म? ट्युरिन नव्हे, रांजणगाव! शिरूर तालुका, जिल्हा पुणे. फियाट आणि टाटांच्या भागीदारीतला तिथला कारखाना हे तिचं गाव. म्हणजे नाव इटालियन असलं तरी माहेर अष्टविनायकातलं.

आधी कागद, मग कार

टेस्ट ड्राइव्हला जाऊन टर्बोचा धक्का पाठीला लागला, की डोकं काम करत नाही. म्हणून आधी आरसी बघा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवेत. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वर एनओसी. नवीन मालकानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. जुने ई-चलान कुणी भरायचे, ते पैसे देण्याआधीच ठरवा. नंतर ‘भाऊ, बघून घेऊ’ हे वाक्य फार महाग पडतं.

विम्याचाही एक फंडा आहे. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आधीच्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही. शिवाय इतक्या जुन्या गाडीला झीरो डेप कव्हर सहसा कुणी देत नाही. म्हणजे बंपर फुटला की खिसाही थोडा फुटणार, हे धरून चला.

नाना पेठेतली तोंडी परीक्षा

पुण्यात गाडीचा पार्ट शोधायचा म्हणजे नाना पेठ. दुकानं अरुंद, माळे उंच, आणि काउंटरवरच्या माणसाच्या डोक्यात अख्खा कॅटलॉग. इथे ‘एक टायमिंग बेल्ट द्या’ म्हणून चालत नाही. आमचा इंटरव्ह्यू असा झाला:

“गाडी?”

“पुंटो.”

“डिझेल असेल तर बेल्ट कशाला मागताय? त्याला चेन असते.”

“पेट्रोल आहे.”

“साधं पेट्रोल का टर्बो?”

“टर्बो. अबार्थ.”

काउंटरवरच्या काकांनी पहिल्यांदाच मान वर केली. “मग फोटो नका दाखवू. पार्ट नंबर आणा.”

एका वाक्यात त्यांनी सगळा धडा दिला. पुंटोच्या बॉनेटखाली तीन प्रकारची इंजिनं आली. १.३ चं मल्टिजेट डिझेल, साधं ‘फायर’ पेट्रोल आणि हे टी-जेट. बाहेरून गाडी तीच, आत संसार वेगळा. त्यामुळे दरवाजा, काच, हेडलॅम्प असल्या गोष्टींसाठी साध्या पुंटोकडे बघता येतं, इंजिनासाठी नाही. इंजिनाचं नातं लागतं लिनिया टी-जेटशी. पण तेही चुलत नातं. घराणं एकच असलं, तरी अबार्थची ताकद जास्त, म्हणून प्रत्येक पार्ट जसाच्या तसा बसेल असं समजायचं नाही. चॅसिस नंबरवरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये पार्ट नंबर काढून घ्यायचा, मगच पेठेत यायचं. फियाटची मूळ कंपनी २०२१ मध्ये स्टेलँटिस झाली, त्यामुळे हल्ली ही चौकशी जीपच्या सर्व्हिस सेंटरमध्ये करायची.

बुधवार-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही आम्ही चक्कर मारली. पाने, जॅक, एखादी व्हील कॅप हवी असेल तर मस्त टाइमपास. ब्रेक किंवा स्टीअरिंगचा वापरलेला पार्ट मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घ्यायचा नाही. तिथे घासाघीस आपल्या जिवाशी होते.

मिस्त्रींचा दरबार

हडपसरच्या एका गल्लीतल्या गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढली. मिस्त्री वयस्कर, पण हातात स्कॅनर आणि लॅपटॉप. त्यांनी आधी गाडी चालू केली, डोळे मिटले आणि नुसतं ऐकलं. मग स्कॅनर लावला. दोन्ही पिढ्यांची शाळा एकाच माणसात!

त्यांचं म्हणणं साधं होतं. सेकंडहँड गाडीच्या आधीच्या मालकावर विश्वास ठेवायचा, पण त्याच्या ऑइलवर नाही. म्हणून पहिल्या दिवशी सगळी द्रव्यं बदलायची. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच, फुल्ली सिंथेटिक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि घाटात तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन पेडल मऊ पडतं, म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं. कूलंटमध्ये नळाचं पाणी अजिबात नाही, क्षारांचा थर बसतो.

मग टायमिंग बेल्ट. तो आत क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टचा ताल सांभाळतो. चालत्या गाडीत तुटला, तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळून इंजिनाचा निकाल लागू शकतो. मीटरवर किलोमीटर कमी आहेत म्हणून निर्धास्त राहायचं नाही, कारण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. शेवटचा बेल्ट कधी बदलला याचं बिल नसेल, तर तो बदललाच नाही असं समजायचं. या इंजिनात वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. म्हणून बेल्ट, टेन्शनर आणि पंप एकाच वेळी. मजुरी एकदाच पडते.

आमच्या गाडीच्या पंपाशी कूलंटचा बारीक ओघळ दिसला. पंप पेठेत नव्हता, मागवावा लागला. एक आठवडा झाला, दुसरा सुरू झाला. मित्र रोज कॅबनं ऑफिसला जात होता आणि दर संध्याकाळी मोबाइलवर ‘विकून टाकू का?’ असा मेसेज येत होता. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ना, त्याचे तेच नऊ दिवस गॅरेजमध्ये गेले.

मिस्त्रींना विचारलं, अशा गाड्या किती दिवस चालतील? ते हसले. “मुंबईच्या टॅक्स्या किती दिवस चालल्या?”

बरोबर! प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपल्या बापजाद्यांची ‘फियाट’. तिचं उत्पादन थांबल्यावरही काळी-पिवळी होऊन ती मुंबईत धावत राहिली, थेट ऑक्टोबर २०२३ पर्यंत. तीही थांबली ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे, पार्ट संपले म्हणून नाही. इतकी वर्षं तिला कुणी जगवलं? कुर्ल्याच्या भंगारवाल्यांनी, ऑपेरा हाऊसच्या स्पेअरवाल्यांनी आणि गल्लोगल्लीच्या मिस्त्रींनी.

पण लगेच त्यांनीच ब्रेक लावला. “पद्मिनी हातोडी-पान्यानं ऐकायची. हिला सेन्सर आहेत. आणि ती लाखांनी होती, ही मोजकी.” म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं होतं. बघणारे आहेत. पण त्यांच्या हातात काय द्यायचं, ते मालकानं आधी जमवून ठेवायचं.

विंचवाचं बिऱ्हाड

पंप अकराव्या दिवशी आला. पहिली लांब राइड कुठे, यावर चर्चाच झाली नाही. रांजणगाव!

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण या गाडीच्या डिकीत बसते. कूलंटचा कॅन, फ्यूज, टायरमध्ये हवा भरायचा पंप, टॉर्च, हातमोजे आणि एक फाइल. त्या फाइलमध्ये प्रत्येक बिल, प्रत्येक पार्ट नंबर. उद्या गाडी विकायची झाली, तर दागिन्याइतकी किंमत त्या फाइलला आहे.

पहाटे निघालो, कारण वाघोलीचं ट्रॅफिक सात वाजता उठतं. खराडी बायपास, वाघोली, लोणीकंद. या पट्ट्यात टर्बोचा काही उपयोग नाही, उपयोग आहे तो डोळ्यांचा. ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर. नगर रोडवरचे न रंगवलेले स्पीड ब्रेकर दिसले की दोघांचेही श्वास आत. पोटाला घासल्याचा तो आवाज एकदा ऐकला, की माणूस आयुष्यभर सुधारतो.

कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर. दोन्ही बाजूंनी कारखाने, मधूनच उसाच्या बैलगाड्या आणि ‘मिसळ’ लिहिलेले बोर्ड. शिक्रापूरनंतर रस्ता थोडा मोकळा झाला. तिसऱ्या गिअरमध्ये मित्रानं पाय जरा खाली नेला. क्षणभर काहीच नाही, आणि मग मागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी सुटली. भन्नाट! तो काही बोलला नाही, पण ‘विकून टाकू’वाला चेहरा मागे शिक्रापूरलाच उतरला होता.

देवळाच्या थोडं अलीकडेच त्यानं वेग कमी केला, गाडी लावल्यावरही इंजिन मिनिटभर सुरू ठेवलं. हे शो-ऑफ नव्हे. दामटल्यावर टर्बो प्रचंड तापलेला असतो. लगेच किल्ली फिरवली, की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि आतलं ऑइल जळून काजळी धरते. एक मिनिटाचा संयम, टर्बोला दीर्घायुष्य.

महागणपतीच्या बाहेर नव्या गाड्यांची रांग होती. हार, लिंबू, नारळ, बोनेटवर स्वस्तिक. मध्ये आमची दहा वर्षांची नवी गाडी. दर्शन झाल्यावर एमआयडीसीत कारखान्यापर्यंत गेलो. आता तिथे जीप कंपास बनते. टाटाची नेक्सॉनही तिथेच बनलेली. आत जायचा प्रश्नच नव्हता. रस्त्याच्या कडेला दोन मिनिटं थांबलो. शिफ्ट सुटत होती. युनिफॉर्ममधला एक माणूस बाइक थांबवून जवळ आला, बॉनेटवरचा विंचू पाहिला, टायरकडे नजर टाकली.

“आमच्याकडचीच ही. नीट ठेवलीय. ठेवा अशीच.”

बाइकला किक मारून तो गेलासुद्धा.

तर मग, घ्यायची का?

सरळ सांगायचं तर घरात एकच गाडी परवडत असेल आणि रोज तिनंच ऑफिस गाठायचं असेल, तर नको. एका पार्टसाठी अकरा दिवस थांबायची तयारी ज्याची आहे, त्यानं घ्यावी. किमतीच्या निदान पाचव्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी, असा आमच्या मिस्त्रींचा हिशेब. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण बिल असतं राव!

बाबांनी परवा फाइल चाळली. सगळी बिलं पाहिली, चष्मा काढला आणि पुढच्या रविवारी नाना पेठेत आपणही येतो म्हणाले.

किल्ली फिरवण्याआधी: पाच गोष्टी

१. इंजिन थंड असताना गाडी बघायला जा. विकणाऱ्यानं आधीच गरम करून ठेवली असेल, तर काहीतरी लपवतोय असं समजा.

२. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१५ म्हणजे २०१५ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी चांगली असली तरी इतकं जुनं रबर बदलाच.

३. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ही गाडी त्याच्या आधीच्या काळातली. इंधनाचे रबरी पाइप आणि सील प्रत्येक सर्व्हिसला तपासून घ्या.

४. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीलाही महाराष्ट्रात हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. नसेल तर ते काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या.

५. नोंदणीला १५ वर्षं झाली की फेरनोंदणी आणि ग्रीन टॅक्स. २०१५ च्या गाडीसाठी ते साल २०३०. कॅलेंडरवर आत्ताच खूण करून ठेवा.