लडाखची वाकळ

बेळगावच्या माणसाला लडाख हे नाव परके नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या गावात आहे. खानापूर, चंदगडकडच्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी 'वर' जाऊन आलेला असतो. सुट्टीवर आला की तो तिथल्या थंडीचे, विरळ हवेचे सांगतो. तिथल्या दगडांविषयी मात्र कुणी बोलत नाही. मला नेमके त्यांचेच कुतूहल होते. हायस्कुलात तीस वर्षे भूगोल शिकवताना 'हिमालयाच्या जागी पूर्वी टेथिस समुद्र होता' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिले. तो समुद्र गेला कुठे, हे पाहायची संधी निवृत्तीनंतर, २०२३ च्या जूनमध्ये मिळाली. मुलगा, सूनबाई, पाचवीतला नातू आणि मी असे चौघे लेहला गेलो.

लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे. पाऊस वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे जुलैचा एखादा आठवडा तेवढा पडून जातो. याचे कारण समजायला लांब जायला नको. कणकुंबीला धो धो पाऊस आणि त्याच जिल्ह्यातले अथणी कोरडे, कारण सह्याद्री ढग अडवतो. लडाखात तेच काम हिमालय करतो. पाऊस नाही म्हणून झाड नाही, झाड नाही म्हणून माती टिकत नाही. आपल्या घाटात खडक पाहायचा तर रान बाजूला सारावे लागते; तिथे तो मैलोन्मैल नुसता समोर उभा असतो. डोंगर कसे घडले याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ अशा कोरड्या प्रदेशात वर्षानुवर्षे जातात ते यासाठीच.

शे गावाजवळ सिंधूकाठी आम्ही थांबलो. उत्तरेला फिकट करड्या ग्रॅनाइटचे डोंगर. दक्षिणेला जांभळे, तांबडे, हिरवट थर, कुठे कलते, तर कुठे चक्क उभे. नातू म्हणाला, "आजी, नदी एक आणि दोन्हीकडचे डोंगर वेगळे कसे?" मी म्हटले, कारण या दोन वेगळ्या जमिनी आहेत, इथे त्या शिवल्या गेल्या. धारवाडची आमची सूनबाई लगेच म्हणाली, "म्हणजे आमच्या अव्वाच्या कौदीसारखं!" आपली वाकळ म्हणजेच त्यांची कौदी. तीस वर्षांत मला इतके नेमके उदाहरण सुचले नव्हते.

या वाकळीला तीन तुकडे आहेत. दक्षिणेचा भारताचा, उत्तरेचा आशियाचा आणि मधला ज्वालामुखी बेटांच्या माळेचा. ही बेटे टेथिस समुद्रात होती. त्यांच्या पोटात थिजलेला रस म्हणजेच लेहचा राजवाडा ज्यावर उभा आहे तो ग्रॅनाइट. भारत आणि बेटे यांच्यातली शिवण सिंधूच्या खोऱ्यात, तर बेटे आणि आशिया यांच्यातली खारदुंग ला ओलांडल्यावर श्योक नदीच्या बाजूला. समुद्राचा तळही थोडा वर राहिला आहे. निडर गावाजवळ, ४००० मीटरहून जास्त उंचीवर, उशांसारखे गोलसर खडक सापडतात. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की असाच गोळ्यागोळ्यांनी थिजतो. हे ऐकून सूनबाईंनी त्या कोरड्या डोंगरांकडे पाहत विचारले, "इल्ले समुद्र इत्तेनु?" होता तर! आपल्या देवघरातला शाळिग्राम त्याच समुद्राच्या तळाचा. नेपाळात गंडकीच्या वरच्या खोऱ्यात, मुस्तांगच्या अशाच कोरड्या डोंगरांतून तो येतो आणि त्यावरचे चक्र म्हणजे समुद्री प्राण्याच्या शंखाचा ठसा.

कुठली शिवण आधी पडली, यावर संशोधकांत वाद आहे. बेटे आधी आशियाला जोडली गेली आणि मग भारत येऊन आदळला, असे बरीच वर्षे मानले जाई. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने हा क्रम उलटा मांडला. क्रेग मार्टिन, ऑलिव्हर यागुट्झ, राजीव उपाध्याय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लडाखमधले जुने ज्वालामुखी खडक तपासले. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून बसतात आणि त्या दिशेच्या कलावरून खडक कोणत्या अक्षांशावर जन्मला ते काढता येते. उत्तर आले, ६.६ ते ६.१ कोटी वर्षांपूर्वी ही बेटे विषुववृत्ताजवळ होती, आशियापासून फार दूर. म्हणजे भारताची गाठ आधी बेटांशी पडली आणि आशियाशी नंतर, सुमारे ४ ते ४.५ कोटी वर्षांपूर्वी. सर्वांनाच हे पटलेले नाही. दोन्ही बाजूंचे लोक अजून दगड गोळा करत आहेत.

मला त्या आकड्याने वेगळेच काही दिले. ६.६ कोटी वर्षे हे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचेही वय. बेळगाव ज्यावर वसले तो लाव्हा वाहत होता, तेव्हा भारत हे विषुववृत्ताच्या दक्षिणेला तरंगते बेट होते. आपला काळा दगड आणि लडाखचा तो दगड साधारण एकाच वयाचे निघाले.

भारत आजही वर्षाला ४-५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण नखे वाढतात तितका उत्तरेकडे सरकतो आहे. सिंधूकाठची शिवण आता घट्ट बसली, असा समज होता. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवले, की नदीचा तुलनेने अलीकडचा गाळही तिथे कललेला आणि तुटलेला आहे. शिवण अजून ताणली जाते आहे.

अशा उघड्या, ठिसूळ उतारांवर एकदम पाऊस कोसळला तर काय होते, ते लेहने ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री भोगले. पाण्याबरोबर दगडगोट्यांचा चिखल खाली आला. दोनशेहून अधिक माणसे गेली, त्यांत जवानही होते. चोगलमसर वस्तीचे सर्वांत जास्त नुकसान झाले. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या आजींनी नाल्याच्या मुखाशी पसरलेल्या सपाट जागेकडे बोट दाखवले. दिसायला बांधकामासाठी छान. पण ती सपाटी केली कुणी? त्याच नाल्याने, असेच पूर आणून आणून. त्यांनी नवे घर त्या वाटेपासून दूर, खडकाच्या कडेला बांधले आहे.

परतल्यावर मुलाने बेळगावजवळ पाहिलेल्या एका प्लॉटचा विषय निघाला. एजंटाने तो मार्चमध्ये दाखवला होता. सपाट, स्वस्त, नाला जवळ. सूनबाई म्हणाल्या, "पुन्हा बघू, पण जुलैत." भर पावसात गेलो. शेजारच्या शेतकऱ्याला तिनेच विचारले. तो हसून म्हणाला, "मळिगालदाग इल्ले नीर निंदरतावरी." आम्ही दुसरी जागा शोधतो आहोत, थोडी चढावरची.